तीन गिऱ्हाइकं, एक थकलेला फ्लॅट

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटला एकाच रविवारी तीन ऑफर आल्या. मालकाचे हप्ते थकलेले, सरफेसी कायद्याखालची (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण घर विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस हातात. बँकेचं येणं फ्लॅटच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून बँकेशी एकरकमी तडजोड, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवायचं; तिलाही मुदत.

"भाऊ, जास्त देईल त्याला देऊन टाका," ते म्हणाले.

मी तिन्ही आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. एजंटाने एकही ऑफर दडवू नये, हे मी कटाक्षाने पाळतो. सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याचं कर्जच मंजूर नव्हतं. सिडकोतल्या ताईंचा आकडा थोडा कमी, पण मंजुरीपत्र तयार. मुदत चुकली असती तर तडजोड मोडून लिलाव लागला असता.

मालकांनी ताईंना होकार दिला. उरलेल्या दोघांना मी त्याच संध्याकाळी स्वतः फोन केला.