पप्पांच्या रिक्षाचा नंबर

शाळेतल्या विज्ञान-गणित सप्ताहाबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं, आज बसलेच शेवटी.

२२ डिसेंबर म्हणजे रामानुजन यांचा वाढदिवस, राष्ट्रीय गणित दिन, म्हणून आमच्याकडे त्याच्या आसपासचा आठवडा दरवर्षी ठरलेला. आणि दरवर्षी असतं पण तेच. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी (यंदा तीन होते, तीन!), सिरिंजांचा जेसीबी, थर्माकोलची स्मार्ट सिटी. गणिताच्या स्टॉलकडे कुत्रं फिरकत नाही. हां, पहिल्या दिवशी पाढ्यांच्या स्पर्धेत मात्र मजा आली, कोणाचे तरी आजोबा आले होते त्यांनी माईक घेऊन औटकी म्हटली, म्हणजे साडेतीनचा पाढा, एकदाही न अडखळता, सगळं ग्राउंड गप्प. आम्हाला सतराच्या पाढ्याला घाम फुटतो.

तर मी आणि माझी बेंच पार्टनर, आम्ही घेतलं होतं ६१७४. आम्ही नाशिकच्या, आणि इथेच देवळालीत द. रा. कापरेकर शाळेत गणित शिकवायचे, त्यांनी १९४९ साली हे जगाला सांगितलं. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, वजाबाकी करा, जे येईल त्याचं परत तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा, की ६१७४ येतोच. माझं जन्मसाल २०१० टाकलं तर २१०० वजा ००१२ म्हणजे २०८८, मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, मग ८५३२ वजा २३५८, झालं ६१७४. आणि खुद्द कापरेकरांचं जन्मसाल १९०५, ते टाकलं तर पूर्ण सात पायऱ्या लागतात! हे आम्हाला स्टॉल लावायच्या आदल्या रात्री सापडलं आणि आम्ही अक्षरशः किंचाळलो.

पहिले दोन तास भारी गेले. लोक वाढदिवसाची तारीख देत होते, एटीएमचा पिन द्यायला निघालेल्या एका काकांना आम्हीच थांबवलं. मग पाचवीतला एक मुलगा आला, शर्ट अर्धा बाहेर, हातात बोरं. म्हणाला, ताई, आमच्या रिक्षाचा नंबर करा. ७७७८.

मी झोकात फळ्यावर लिहिलं, ८७७७ वजा ७७७८, आले ९९९. मग ९९९ मोठ्याकडून लहान, ९९९ लहानाकडून मोठा, वजाबाकी शून्य.

शून्य.

परत केलं, परत शून्य. आणि नेमके तेव्हाच बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे. ते काहीच बोलले नाहीत, पॅडवर कायतरी लिहिलं आणि जेसीबीकडे गेले. तो मुलगा एक बोर तोंडात टाकून म्हणाला, आमच्या रिक्षाचं नाही येत का? आणि गेला. मला परीक्षकांपेक्षा त्याचंच जास्त लागलं, खरं सांगते.

रात्री झोपच येईना. मग अकराच्या सुमाराला एकदम ट्यूब पेटली. खेळ चार अंकांचा आहे ना, मग ९९९ नाही, ०९९९ लिहायचं! २०१० मध्ये ००१२ आम्ही व्यवस्थित लिहिलेलं, कारण तिथे शून्य आकड्यातच होतं, डोळ्यांना दिसत होतं. इथे वजाबाकीतून तयार झालेलं शून्य आम्ही खुशाल फेकून दिलं, कारण पहिलीपासून डोक्यात बसलंय की पुढच्या शून्याला किंमत नसते. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. आणि ते तर माझ्या जन्मसालातच आलेलं, पुढे ६१७४! एकूण पाच पायऱ्या. पार्टनरला तेव्हाच व्हॉइस नोट पाठवली, तिने फक्त रडणारे इमोजी टाकले.

बक्षीस जेसीबीला गेलं, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाचवीचे वर्ग धुंडाळले आणि तो सापडला एकदाचा, डबा खात होता. वहीच्या कागदावर सगळ्या पायऱ्या लिहून नेल्या होत्या त्या दाखवल्या, ते शून्य लाल पेनाने काढलेलं. त्याने प्रत्येक वजाबाकी बोटांवर तपासली, मान्य केलं, आणि मग विचारलं, आमच्या गल्लीतल्या दादाच्या बुलेटचा नंबर ४४४४ आहे, त्याने पैसे भरून घेतलाय, त्याचं काय येतं?

म्हटलं, त्याचं शून्यच. त्याचं कधीच येणार नाही.

मग त्याने तो कागद नीट चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला. पप्पांना दाखवतो म्हणाला, पण आधी दादाला.