आत जाऊन का घेत नाही?

लग्नाच्या पंगतीत मी इन्शुलिनचं पेन काढलं की शेजारची एखादी बाई हमखास म्हणते, "अगं, आत जाऊन घे ना! चारचौघांत कशाला सुई?" तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून सांगते.

वीस वर्षं आतच जात होते. सोळाव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारून टाकल्या, त्यात श्रीखंडाचा काही दोष नव्हता. पण आळीत बोलणं एकच, "पोरीला गोड फार आवडायचं." आई म्हणायची, "कुणाला कळू देऊ नकोस, उद्या स्थळं बघायचीत." झालं! तेव्हापासून कार्यालयांची बाथरूमं मला पाठ.

चुलतबहिणीच्या लग्नात अशीच कडी लावून टोचून आले, तर आधीची पंगतच उठेना. व्याह्यांचं मानपान चाललेलं. जेवणाआधीचं हे इन्शुलिन पंधरा मिनिटांत कामाला लागतं, ते कुणाच्या मानपानासाठी थांबत नाही. दरदरून घाम, हात थरथरायला लागलेले. मोजली तर शुगर ५८. सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे साखर तरी लगेच पोटात जायला हवी. मी रुखवतातला लाडू उचलला. (तुपामुळे त्याची साखर चढायला वेळ लागतो, पण तेव्हा कोण विचार करतंय!) मागून आवाज आला, "बघा, डायबेटिस आणि लाडू हाणतेय!"

घाईघाईत उजव्या मांडीवर एकाच जागी टोचायची सवय लागली होती. तिथे सुपारीएवढी गाठ झाली. गाठीत घेतलेलं इन्शुलिन धड शोषलं जात नाही, त्यामुळे शुगर कधी ३००, कधी ६०. डॉक्टर खाण्यावरून रागवायचे, मी भात सोडायचे, तरी तेच. शेवटी एका सिस्टरनी मांडी चाचपली आणि विचारलं, "रोज इथेच का?" काय सांगणार?

आता पोटावर, जागा बदलत घेते. जिलेबी खायची असेल तर तिच्यासाठीही इन्शुलिनचे युनिट धरते आणि जेवणानंतर कार्यालयाच्या आवारात फेऱ्या मारते. बघणाऱ्या बघतात.

पानावर बसले की आधी वाढप्याला हाक मारते, "दादा, भात कधी येतोय?"

"आलाच ताई, दहा मिनिटं."

मग पेन काढते.