तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात ‘व्यापार’ पायी खेळायचा कसा?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड वासून पडलेली असताना मला हाच प्रश्न आलाय. “ती तुमची व्यापाराची फेरी आखायची कशी हो? आम्हालाही करायचीय.” विचारताना आवाज हमखास खाली येतो, कारण त्या फेरीत बिअरही होती हे त्यांच्या कानावर गेलेलं असतं.

तर सगळं सुरू झालं माझ्या मावसभावामुळे. तो लंडनला असतो. तिथे ‘मोनोपॉली’च्या, म्हणजे आपल्या ‘व्यापारा’च्या विलायती भावंडाच्या, पटावरच्या प्रत्येक ठिकाणी एक पब गाठायचा असा प्रकार बरीच वर्षं चालतो. पटावर २२ जागा आणि ४ रेल्वे स्टेशनं, म्हणजे २६ पब, आणि प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा पाइंट. हा गडी अकराव्या पबात आडवा झाला. इकडे आल्यावर आमच्याच स्वयंपाकघरात उभा राहून वर म्हणाला, “पुण्यात हे होणं शक्य नाही.”

चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावणं हे माझं पोटापाण्याचं काम. तीन पाळ्या, दहाबारा थांबे, पावसाळ्यात नाशिक रोड तुंबलेला. मला कोणी वेळापत्रक ‘शक्य नाही’ म्हटलं की झोप लागत नाही.

आधी हिशोब केला. अर्धा पाइंट म्हणजे २८४ मिली. गुणिले २६, म्हणजे सात लिटरच्या वर. कळशी अर्ध्याहून जास्त भरते. आपल्याकडे कोणी बिअरऐवजी ३० मिलीचा छोटा पेग धरला तर २६ पेग ७८० मिली होतात, आणि खंबा असतो ७५० चा. एका माणसाने एका दिवसात एक खंबा संपवून दुसरा उघडायचा, हा खेळ नव्हे. वेळेचंही तेच. प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं धरली तरी आठ तास चाळीस मिनिटं नुसती थांबण्यात जातात, चालणं वेगळंच. म्हणून पहिला निर्णय असा की २६ जागा सोडायच्या आणि पटावरचे आठ रंग धरायचे. एका रंगाला एक ठिकाण.

आता कुठल्या भागाला कुठला रंग? पटावर तपकिरी सगळ्यात स्वस्त आणि गडद निळा सगळ्यात महाग. लंडनच्या पटावर ओल्ड केंट रोड ६० पौंडांना आणि मेफेअर ४०० ला. मी प्रामाणिकपणे जागांचे भाव काढले, कोरेगाव पार्क आणि बोट क्लब रोड निळ्यात टाकले, सदाशिव पेठ आकाशीत. नवऱ्याच्या मोठ्या भावांचं बालपण सदाशिव पेठेत गेलेलं. दादांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. “आकाशी? म्हणजे खालून दुसरा?” मग सगळ्यांदेखत म्हणाले, “बरोबर आहे. साताऱ्याहून आलेल्या माणसाने पुण्याच्या पेठा लावल्या की असंच होणार.”

मला पुण्यात येऊन १९ वर्षं झाली. पण उत्तर तयार होतं. लंडनच्या पटावरच्या जागा लंडनच्या माणसाने निवडलेल्याच नाहीत. १९३० च्या दशकात लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीचे प्रमुख व्हिक्टर वॉटसन आणि त्यांच्या सेक्रेटरी मार्जरी फिलिप्स गावाहून लंडनला आले, हिंडले आणि यादी करून परत गेले. थेम्सच्या दक्षिणेला त्यांना एकच रस्ता दिसला. नव्वद वर्षं लंडनकर तोच पट खेळताहेत. दादांना हे सांगितलं. म्हणाले, “लंडनकरांचं मला सांगू नकोस.”

भांडण मिटलं ते भलत्याच कारणाने. पेठांत बार अगदीच नाहीत असं नाही, पण आठ जणांचं टोळकं, त्यात चार बायका, निवांत टेकेल अशी जागा मला मिळेना. पब सगळे पूर्वेला, कॅम्पाच्या पलीकडे, नाहीतर थेट बाणेर-बालेवाडीला. मग पेठा गाळायच्या? पेठांशिवाय पुण्याचा पट म्हणजे चिंचगुळाशिवाय आमटी. इथे लंडनचाच एक दाखला उपयोगी पडला. पटावरची व्हाइन स्ट्रीट ही प्रत्यक्षात एवढीशी गल्ली आहे, तिथे पबच नाही. लोक शेजारच्या गल्लीत पितात आणि ते घर झालं असं धरतात. म्हणजे नियमाला थोडी ढील चालते. मी ठरवलं की प्रत्येक रंगाला दारू नको, पेय हवं. आणि रंग जागेच्या भावाचा नको, पेयाचाच घ्यायचा.

एवढं सुचल्यावर अर्ध्या तासात पट तयार झाला. तपकिरी म्हणजे अर्थात सोन्या मारुती चौकाजवळचं अमृततुल्य, पितळी पातेल्यातला वेलचीचा चहा. केशरी म्हणजे सदाशिव पेठेतली आंबा मस्तानी. गुलाबी म्हणजे टिळक रोडकडच्या एका मालवणी खानावळीतली सोलकढी. मग लकडी पूल ओलांडायचा. मुठा ओलांडली की पेय बदलतं. डेक्कनला एक जुनं परमिट रूम, तिथे पिवळा, म्हणजे बिअर. मग मेट्रोने पुणे स्टेशन. तिथे आकाशी, म्हणजे रेल नीरची बाटली. पटावरचं स्टेशन आणि पाणीपुरवठा दोन्ही एकाच फटक्यात होतात, शिवाय मधे भरपूर पाणी पोटात जातं. कॅम्पात शरबतवाला चौकात आर्देशीर यांचा रास्पबेरी सोडा, लालभडक. ही मंडळी १८८४ पासून सोडा करताहेत. कोरेगाव पार्कला हिरवा, म्हणजे पुदिना-काकडीवालं जिन. शेवटी कल्याणीनगरला गडद निळा. गडद निळं पेय मला काही सापडलं नाही, म्हणून डार्क बिअर. ज्याला वाद घालायचा त्याने अंधारात बघावी.

आठात दारू तीनदा. “मग हा पब क्रॉल कसला?” असं विचारणारे भेटतात. त्यांनी कळशी भरावी.

राहिली पटावरची वीज कंपनी. त्याचा अर्थ आम्ही मोबाईल चार्जिंग असा लावला, आणि एकीने पॉवर बँक आणली म्हणून तिच्याकडून त्या दिवशी काँट्री घेतली नाही. काँट्री प्रत्येकी २,००० रुपये, आधीच जमा, आणि तिजोरी जी पीत नाही तिच्याकडे. ती माझी नणंद. तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ११० रुपये परत केले, पावत्यांच्या फोटोसकट.

आता खरी गोष्ट सांगते, जी विचारणाऱ्यांपैकी पुरुषांना सुचत नाही. आखताना मी बार आधी नाही शोधले, संडास शोधले. लहानपणी साताऱ्याला मे महिन्यात आम्ही जो व्यापार खेळायचो (नोटा श्रीखंडाच्या डब्यात, दोन नोटांवर खरंच श्रीखंड) त्याच्या कोपऱ्यांत सुरुवात, जेल, क्लब आणि रेस्ट हाऊस असायचं. क्लब पुण्यात ढिगाने आहेत. रेस्ट हाऊस कुठाय? एका बुधवारी दुपारी मी आणि नणंद पाहणीला निघालो. एका परमिट रूममध्ये शिरलो तर वेटर म्हणाला, “मॅडम, पार्सल?” दुसरीकडे आम्हाला न विचारता जिन्याने वर फॅमिली सेक्शनमध्ये पाठवलं. पंखा बंद, टेबलावर धूळ, खाली मात्र गजबज. तिसरीकडे बायकांचं टॉयलेट होतं, दारावर बाईचं चित्रही होतं, फक्त आत रिकाम्या बाटल्यांचे क्रेट छतापर्यंत रचलेले. मालकांना विचारलं तर ते अगदी मनापासून म्हणाले, “लेडीज कुठे येतात इथे?” अहो, येणार कशा? चौथं जे मिळालं ते साधंच, पण कडी लागत होती आणि नळाला पाणी होतं. त्याच दिवशी नक्की केलं. बाकी वाटेत मेट्रो स्टेशनांतली टॉयलेटं धरून चाला. माझ्या कागदावर आठ रंगांच्या ठिपक्यांमध्ये सहा पांढरे ठिपके होते, ते हे.

तारखेचंही बघा. आमची पहिली तारीख होती शनिवार, ११ मे २०२४. दुपारी चारला चहा घेतला, मस्तानी झाली, डेक्कनला सहाला दहा कमी असताना पोचलो, तर वेटर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होता. सोमवारी १३ तारखेला पुण्याचं लोकसभेचं मतदान, आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूबंदी. म्हणजे शनिवारी सहापासून. मी बोटाला शाई लावून घ्यायची सुट्टी टाकली होती, मतदार चिठ्ठी पर्समध्ये होती, आणि हे डोक्यात आलं नाही. तीन पाळ्यांचं वेळापत्रक लावणारी बाई! दादांना मात्र आठवत होतं. त्यांनी सांगितलं नाही.

नंतरच्याच आठवड्यात, १९ मेच्या पहाटे, कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. मग कितीतरी दिवस या फेरीचं नावही काढावंसं वाटलं नाही. पुढे काढलं तेव्हा निमंत्रणातली पहिली ओळ ही होती: कोणीही गाडी आणायची नाही, ‘डेक्कनला लावून ठेवतो’ हेही नाही, खिशात किल्ली दिसली तर खेळातून बाद. दुसरी ओळ वयाची. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात. मावसभावाचा एक मित्र २३ चा निघाला, त्याला कोरेगाव पार्कला काकडी-पुदिना मिळाला, जिन नाही. आणि परमिट रूमला परमिट रूम का म्हणतात तेही त्याला तिथेच कळलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे कागदोपत्री आजही पिणाऱ्याकडे परवाना लागतो.

शेवटी ११ जानेवारी २०२५ चा शनिवार उजाडला. तोवर मेट्रोही मंडईपर्यंत आली होती, म्हणून सगळे तिथेच जमलो. चहा उत्तम. मस्तानी उत्तम. मस्तानीवर सोलकढी ही मात्र माझी घोडचूक. आइस्क्रीम आणि आंब्यावर कोकम आणि लसूण. मावसभावाचा चेहरा हिरव्या रंगाच्या चार घरं आधीच हिरवा झाला. तुम्ही केलीत तर सोलकढी आधी घ्या, मस्तानी नंतर, मधे निदान अर्धा तास चाला.

आणि मग डेक्कन. इथे मला अशी अडचण आली जी लंडनच्या माणसाला येत नसावी. आपल्याकडे दारू ‘पितात’ असं कोण म्हणतं? आपल्याकडे ‘बसतात’. “शनिवारी बसू या.” “काल बसलो होतो.” “बऱ्याच दिवसांत बसणं नाही झालं.” सगळं त्या क्रियापदात आहे. आणि माझी अख्खी योजना होती दर ४० मिनिटांनी उठण्याची. वेटरने शेव, भाजलेले शेंगदाणे आणि काकडी आणून ठेवली, दादांनी चप्पल काढून पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले, आणि माझ्या लक्षात आलं की आता काही खरं नाही. ४० मिनिटं झाली, कोणी हललं नाही. “अजून एकेक.” पन्नासाव्या मिनिटाला मी बिल मागवलं तर दादांनी वेटरला डोळ्यांनीच थांबवलं.

यावर उपाय मला त्या दिवशी अर्धाच सापडला. बिल मागवतानाच द्यायचं, चकणा फक्त पहिल्या खेपेचा, आणि जेवण पुढच्या रंगाला ठेवायचं. भुकेला माणूस उठतो. आठातले सहा उठले, कारण मी कॅम्पात खिमा-पाव सांगून ठेवलाय असं म्हटलं. (ठेवला नव्हता. पण मिळाला.) दादा आणि माझा नवरा म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, आलोच.”

पुढचं भराभर झालं. रेल नीर स्टेशनवर उभ्याने, सोडा चौकात उभ्याने, आणि उभ्याने प्यायचं म्हटलं की आठ मिनिटांत होतं हे माझ्या वेळापत्रकात बसत नव्हतं, आम्ही वेळेच्या पुढे गेलो. बंड गार्डनहून मेट्रो धरली. येरवडा स्टेशन आल्यावर नियमाप्रमाणे सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण पटावर जेलमधून जाताना आपण ‘फक्त भेटीला’ असतो. कल्याणीनगरला डार्क बिअर हातात आली तेव्हा नणंदेने आठवण करून दिली की आगाखान पॅलेस इथून जवळच आहे. गांधीजींना १९४२ ते ४४ तिथे ठेवलं होतं, कस्तुरबा तिथेच गेल्या. दोन मिनिटं कोणाच्याच घशाखाली घोट उतरेना. मावसभाऊ म्हणाला, “हे तू पटावर नको होतं टाकायला.” मी नव्हतंच टाकलं.

नऊ वाजता नवऱ्याला फोन केला. म्हणाला, “आम्ही जेलमध्ये आहोत. दुहेरी दान पडल्याशिवाय सुटका नाही, तुझेच नियम.”

साडेअकराला रिक्षाने कोथरूडला निघालो, तर डेक्कनच्या त्या परमिट रूमचं शटर अर्धं खाली आलेलं, आणि बाहेरच्या पायरीवर दोघे. दादांच्या हातात फासे, ते आमच्याच पिशवीतले, कधी काढून घेतले कळलं नाही. मधे शेंगदाण्याचा कागद. रिक्षा थांबवून मी हाक मारली.

“थांब गं,” दादा म्हणाले, “एक तीन पडलाय. आता दुसरा तीन पडला की निघतो.”