गोळी चालूच ठेवून राहिलो आहे

सोरायसिसचे खवल्यांचे चट्टे जाऊन अंग साफ झालं तेव्हापासून घरात एकच विषय, मेथोट्रेक्सेटची गोळी बंद कर. माय तर रोजच म्हणते, "आता डाग नाही काही नाही, मंग काहून खाऊन राह्यला त्या गोया, लिवर खराब होते म्हणतेत." तिची काळजी खोटी नाही. मेथोट्रेक्सेटनं लिवरला त्रास होऊ शकतो, रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून तर दर तीन महिन्यांनी आर्वीहून वर्ध्याला जाऊन रक्त देऊन येतो, आणि लग्नात कोणी कितीही आग्रह करो, दारूला हात लावत नाही.

पण सोरायसिस आत बसूनच असतो. चांगल्या माणसाची चामडी साधारण महिनाभरात नवी होते, आमची चार-पाच दिवसांत, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या अंगावर उठते. गोळी तिला आवरते, मुळातून काढत नाही. मागच्या वर्षी रिपोर्ट चांगले आले म्हणून डॉक्टरांनीच डोस कमी करून पाहिला, आणि दिवाळीनंतर थंडी पडली तसे कोपरांवर, डोक्यात, तळहातावर परत खवले. नेमका तेव्हा कापूस वेचायला आलेला. बोंडाचं वाळलेलं टोक कसं बोचते ते पऱ्हाटीत उभं राहिलेल्यालाच माहीत, आणि आमच्या चामडीवर जिथं ओरखडा तिथं नवा चट्टा उठू शकतो. हाताच्या भेगांत कापूस अडकायचा, रक्ताचे डाग लागलेला कापूस बायको मुकाट्यानं बाजूला काढायची. वेचायला आलेल्या बायांनी आमच्या माठातलं पाणी पिणं सोडलं. हा रोग लागट नाही हो, शिवल्यानं होत नाही, हे किती वेळा सांगावं.

तरी डागांचं एवढं नाही, डाग मी वर्षानुवर्षं शर्टाच्या बाहीखाली झाकले. माझा निर्णय बोटांनी केला. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ वळेना, गाडीचा क्लच दाबता येईना. डॉक्टर म्हणाले सोरायसिसवाल्या दहातल्या दोन-तीन जणांना असा सांध्यांचा त्रास होतो आणि सांधा एकदा खराब झाला की तो परत पहिल्यासारखा होत नाही. शेतकऱ्याचे हातच गेले तर मग लिवर सांभाळून काय करू? डोस परत वाढवला, हळूहळू मूठ वळायला लागली.

आता रविवारी रात्री जेवल्यावर गोळी. बायकोनं पाकिटावर पेनानं मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहून ठेवलं आहे, कारण ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. सोमवारी मळमळते, चहाही नको वाटतो, त्या दिवशी फवारणी ठेवत नाही.

गावात पुडीवाल्यांचे पत्ते देणारे खूप आहेत. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असते, आठवड्यात अंग चकचकीत होते आणि पुडी एकदम सोडली की आजार दुप्पट उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या पुळ्या येतात, माणूस भरती करावा लागतो. आणि ताप-खोकल्यासाठी गावच्या डॉक्टरकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा, को-ट्रायमॉक्साझोल नावाची साधी वाटणारी गोळी हिच्यासोबत फार धोक्याची आहे. तोंडात फोड आले, ताप उतरत नसला, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरला फोन करा. घरात लेकरू व्हायचं असेल, बाई असो की माणूस, तेही आधीच बोला, गर्भाला ही गोळी अजिबात चालत नाही.

मायला एवढं कबूल केलं आहे की लिवरचा रिपोर्ट बिघडला तर त्याच दिवशी डॉक्टरशी दुसऱ्या औषधाचं बोलेन. इंजेक्शनं आहेत पण महाग आहेत आणि त्याआधी टीबीची तपासणी लागते. तोवर कापूस घरात येईपर्यंत हाच डोस, आणि उन्हाळा लागला, चामडी शांत राहिली की कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारणार.