मटारवरचा मावा
गच्चीतल्या कुंड्यांमधे ऑक्टोबरच्या शेवटी मटार लावला, डिसेंबरात फुलं आली आणि कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला, पानं चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली, खूप वाईट वाटलं. आधी पाण्याचा जोरात फवारा मारून मावा पाडला. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा लिक्विड सोप, आणि हे संध्याकाळीच मारायचं कारण सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. लाल रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे छोटे भुंगे (लेडीबग) दिसले तर प्लीज मारू नका, ते मावाच खातात! शेंगेला गोल भोक दिसलं की आत अळी, ती शेंग लगेच तोडायची. नागमोडी रेघांची (पान पोखरणाऱ्या अळीची) पानं पण मी रोज खुडते.