येते हं

माझ्या बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये सिडनी एअरपोर्टच्या दारात आजी म्हणते, "येते हं." या दोन शब्दांनी मला तीन आठवडे अडवून धरलं.

फिल्म सिडनीच्या वेंटवर्थविल या उपनगरातल्या एका घराची. व्हिजिटर व्हिसावर पुण्याहून नात सांभाळायला आलेली आजी, तिच्या लांबच लांब दुपारी. निधीसाठी अर्ज केला तेव्हा एका परीक्षकांनी विचारलं, "यात संघर्ष कुठे आहे? जबरदस्तीचं लग्न वगैरे काही?" मला फार लागलं ते. दिवसभर बोलायला माणूस नसणं हा संघर्ष नाही?

स्क्रीन ऑस्ट्रेलिया या सरकारी चित्रपट संस्थेचा २०१६ चा अहवाल तेव्हा पुन्हा काढून वाचला. २०११ ते २०१५ मधल्या टीव्ही ड्रामांची त्यांनी मोजदाद केली होती. युरोपबाहेरून आलेल्या वंशाचे लोक देशात १७ टक्के आणि मुख्य पात्रांत जेमतेम ७. त्यात इथे 'एशियन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चिनी, व्हिएतनामी चेहरा येतो, आपला नाही. पण धीर मला दिला तो व्हिएतनामी वंशाचे दिग्दर्शक खोआ डो यांनीच. सिडनीच्याच कॅब्रामाटा उपनगराच्या रस्त्यांवर, अभिनय न शिकलेल्या तरुणांना घेऊन, अगदी तुटपुंज्या पैशांत त्यांनी २००३ साली पूर्ण लांबीची फिल्म केली. माझी तर बाराच मिनिटांची होती.

मग साठवलेले पैसे काढले. आम्ही आठ जण, घर मैत्रिणीचं, आजी महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू. पहिल्याच दिवशी फ्रिजची घरघर माइकमध्ये यायला लागली. साउंडवाल्याने फ्रिज बंद केला आणि गाडीची किल्ली आत ठेवली, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसरायचा नाही. काकू कळवळल्या, "अगं, दूध नासेल ना!" तो सूर इतका खरा होता की पुढचा सगळा सीन मी त्यांना त्यांच्याच शब्दांत बोलायला सांगितला. माझे संवाद फार पुस्तकी होते.

अडलं ते सबटायटलला. एडिटर इथेच जन्मलेली, मराठी न येणारी. तिने आधी 'बाय' टाकलं, नंतर 'सी यू सून'. पण लवकर भेट होणार नाही, हे आजीलाही ठाऊक आहे. काकूंना फोन केला. "काकू, 'येते' म्हणताना तुमच्या मनात काय होतं?"

"काय असणार? उंबऱ्यावर 'जाते' म्हणतं का कुणी? येते म्हणजे येते."

शेवटी 'आय ॲम कमिंग' लिहिलं. एडिटर म्हणाली, लोकांना चूक वाटेल, बाई तर निघून चालली आहे. मी म्हटलं, राहू दे. पडद्यावर आजीची पाठ दिसते, बॅगेच्या हँडलला बांधलेली लाल रिबन दिसते, खाली ती अक्षरं, आणि काचेचं दार मिटतं.