संगणकांची देखभाल बाहेरच्या कंपनीकडे सोपवताना : कुंडईच्या एका कारखान्यातील माझा अनुभव

कुंडई औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात आणि त्यांतील बराचसा माल गोव्यातल्याच औषध कंपन्यांना जातो. मी तेथे हिशेब आणि कार्यालयीन व्यवस्था पाहते. गेल्या वर्षी आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीने सर्व पुरवठादारांना एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. तुमच्याकडील संगणकांची अद्ययावत यादी आहे का, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते केव्हा बंद केले जाते, बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून कधी पाहिली आहे का, असे प्रश्न त्यात होते. तोपर्यंत आमची रीत अशी होती की संगणक बिघडला की ओळखीच्या तंत्रज्ञाला फोन करायचा आणि त्यांनी येऊन तो चालू करून द्यायचा. प्रश्नावलीतले जवळजवळ सगळे प्रश्न मात्र बिघाड होण्याच्या आधी काय केले जाते याविषयी होते आणि त्यांची उत्तरे आमच्याकडे नव्हती. म्हणून संगणकांची नियमित देखभाल मासिक करारावर बाहेरच्या कंपनीकडे सोपवावी, असे मी सुचवले.

आमचे मालक, ज्यांना कारखान्यात सगळे भाई म्हणतात, त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता : संगणक नीट चालत असताना दरमहा पैसे कशासाठी द्यायचे? मी त्यांना वॉनाक्रायचे उदाहरण दिले. 12 मे 2017 रोजी त्या खंडणीखोर व्हायरसने जगभर, अगदी ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतसुद्धा, संगणक कुलूपबंद केले. पण ज्या त्रुटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 14 मार्चला दिलेला होता. आपण मशीनला तेल घालतो ते ती बंद पडल्यावर नव्हे, एवढे म्हटल्यावर भाईंनी कोटेशने मागवायला सांगितले.

कोटेशने वाचताना दर संगणकामागे मासिक किती, यापेक्षा मला करारातली भाषा महत्त्वाची वाटली. बहुतेकांनी 'चार तासांत प्रतिसाद' असे लिहिले होते. पण प्रतिसाद म्हणजे तक्रारीची पोच, की माणूस प्रत्यक्ष येणे, की काम पुन्हा सुरू होणे, हे कोठेच स्पष्ट नव्हते. आम्ही तिन्हींसाठी वेगवेगळ्या मुदती लिहून घेतल्या. चतुर्थीच्या सुट्टीत आणि रविवारी देखरेख कोण करणार, हेही लिहून घेतले, कारण कार्यालय रिकामे असते तीच वेळ हल्लेखोरांना सोयीची असते. शिवाय करार संपला तर सर्व पासवर्ड, यादी आणि नेटवर्कचा आराखडा आमच्या ताब्यात द्यावा लागेल, असे कलम घातले. ज्या कंपनीने या कलमांवर वाद घातला नाही, उलट दोन उपयुक्त दुरुस्त्या सुचवल्या, तिला आम्ही काम दिले.

पहिली पाहणी झाली तेव्हा जे दिसले ते अनेक लहान कारखान्यांत दिसेल असे मला वाटते. भाईंना घरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला होता. घरबसल्या नोंदी करता याव्यात यासाठी सर्व्हरचा, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य संगणकाचा, रिमोट डेस्कटॉपही (दुरून तो संगणक वापरण्याची सोय) तसाच उघडा होता. अशा उघड्या दारांवर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. दोन्ही बंद करून बाहेरून येण्यासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून आत येण्याची सुरक्षित वाट) आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय मोबाइलवरील ॲपनेही ओळख पटवणे) सुरू केली. स्वतःच्या मोबाइलवर कंपनीचे ॲप नको, ही काही सहकाऱ्यांची हरकत मला मान्य होती. त्यांना यूएसबीला लावायची सुरक्षा-किल्ली दिली. साचे कापणाऱ्या मशीनचा संगणक विंडोज 10 वर चालतो. त्या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, पण मशीनचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही. तो संगणक इंटरनेटपासून तोडून वेगळ्या नेटवर्कवर ठेवला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो आमच्या डोमेनने. ज्या नावावर आमचे सगळे ईमेल चालतात ते डोमेन कंपनीच्या नव्हे, तर जुन्या तंत्रज्ञाच्या वैयक्तिक खात्यावर नोंदलेले निघाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, तेव्हा तसे करणे त्यांना सोपे पडले असावे. पण आता ते आखातात नोकरीला होते आणि नूतनीकरणाची तारीख जवळ आली होती. डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्या कोणी घेतले असते, तर आमच्या नावाने येणारे ईमेल त्या माणसाला मिळाले असते. अखेर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते फोनवर, मी आणि नव्या कंपनीचा अभियंता संगणकासमोर, असे बसून खाते उघडले, हस्तांतराचे कुलूप काढले, त्यांच्या ईमेलवर आलेला कोड त्यांनी वाचून दाखवला आणि डोमेन कंपनीच्या नावावर आले. ज्यांच्या कारखान्याचे डोमेन कोणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसेल, त्यांनी ते आजच पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बॅकअपची चाचणी एका शनिवारी दुपारी घेतली. रोज रात्री बॅकअप होत होता आणि पडद्यावर रोज हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' दिसत होते. अभियंत्याने तो एका मोकळ्या लॅपटॉपवर उतरवून टॅली उघडली, तर शेवटचे व्हाउचर आदल्या आर्थिक वर्षातील 31 मार्चचे. नव्या वर्षासाठी डेटा नव्या फोल्डरमध्ये गेला होता आणि बॅकअप मात्र निष्ठेने जुन्याच फोल्डरचा होत होता. आता तीन प्रती असतात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक कारखान्याबाहेर आणि कोणालाही पुसता न येणारी. कारण सर्व्हरला कायम जोडलेली हार्ड डिस्क खंडणीखोर व्हायरस सर्व्हरबरोबरच कुलूपबंद करतो. चाचणी दर तिमाहीला होते आणि शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक मी स्वतः ताडून पाहते.

एक गोष्ट करारातून बाहेर सोपवता येत नाही, ती जबाबदारी. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवाव्या लागतात आणि लॉग, म्हणजे संगणकांवरील हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. म्हणून कोणी काय शोधायचे, कोणी मला उठवायचे आणि अहवाल कोणी पाठवायचा, हे नावानिशी लिहून लेखाविभागात लावले आहे. त्याखाली 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा सरकारी मदत क्रमांक आहे; पैसे चुकीच्या खात्यात गेले तर तेथे जितक्या लवकर फोन होईल, तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक. पुरवठादाराचा बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर त्यातल्या नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करूनच बदल करायचा, हा नियम भाईंनाही लागू आहे.

प्रश्नावली भरून पाठवताना विंडोज 10 च्या संगणकाविषयी आम्ही खरे तेच लिहिले आणि तो वेगळा कसा ठेवला आहे त्याचा आराखडा जोडला. ग्राहक कंपनीने तो मान्य करून मशीनचे सॉफ्टवेअर बदलण्याची मुदत विचारली. त्यासाठीची तरतूद भाईंनी पुढच्या अंदाजपत्रकात घातली आहे.